मालवणचे भांडारकर: लहान मुलींसाठी जुन्या पोथ्या साक्षीला काढणारा पंडित

१८९० सालचा जून महिना. कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी एका रात्रीत मेली. तिचं लग्न झालेलं होतं. नवरा हरिमोहन माइती तिच्यापेक्षा वीसएक वर्षांनी तरी मोठा. त्याने केलेल्या जबरदस्तीमुळे रक्तस्राव झाला आणि त्यातच तिचा जीव गेला, हे डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं.

खटला उभा राहिला. पण बलात्काराचा गुन्हा लागूच होत नव्हता. कारण १८६० च्या दंडविधानात वयाची रेषा दहा वर्षांवर ओढलेली होती. मुलगी दहाची झाली की तिच्या नवऱ्याला या कलमाखाली धरता येत नव्हतं. शेवटी बेदरकारपणे गंभीर इजा केली म्हणून त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. मेलेल्या मुलीची किंमत एक वर्ष.

ही बातमी देशभर पसरली आणि वयाची मर्यादा वाढवायची मागणी जोरात सुरू झाली. पण समोरून एक उत्तर आलं, की हा धर्माचा प्रश्न आहे, शास्त्रात तसं लिहिलंय, सरकारने यात पडायचं नाही. या उत्तरापुढे भलेभले गप्प बसत. शास्त्रात काय लिहिलंय ते वाचणार कोण?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने ते वाचलं. नाव रामकृष्ण गोपाळ भांडारकर. मूळ गाव मालवण.

आज पुण्यात लॉ कॉलेज रोडवरून जाताना भांडारकर प्राच्यविद्या संस्थेची पाटी दिसते. बहुतेकांना भांडारकर माहीत असतात ते तेवढेच. जुनी हस्तलिखितं, महाभारताची चिकित्सक आवृत्ती, एकूण जड प्रकरण. लहान मुलींवर होणाऱ्या अत्याचाराशी या माणसाचा काही संबंध असेल असं वाटत नाही. पण होता, आणि चांगलाच होता.

६ जुलै १८३७ रोजी मालवणात त्यांचा जन्म झाला. तेव्हा सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा नव्हता, तो झाला १९८१ मध्ये. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात. घर गौड सारस्वत ब्राह्मणाचं. वडील गोपाळराव महसूल खात्यात कारकून, म्हणजे खाऊनपिऊन सुखी, पण श्रीमंत नाही. पूर्वजांकडे सरकारी खजिन्याचं, म्हणजे भांडाराचं काम होतं, म्हणून आडनाव भांडारकर पडलं असं सांगतात. मालवणात तेव्हा इंग्रजी शाळा नव्हती. वडिलांची बदली रत्नागिरीला झाली आणि पोराचं नशीब उघडलं. तिथे इंग्रजी शाळा होती.

तिथून १८५३ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनला. कोकणातून मुंबई म्हणजे तेव्हा समुद्रमार्गाचा प्रवास, रेल्वे यायला सव्वाशेहून जास्त वर्षं होती. एल्फिन्स्टनमध्ये दादाभाई नौरोजी शिकवायला. याच दिवसांत ते परमहंस सभेत जाऊ लागले. ही सभा गुप्त चालायची, सगळ्या जातींचे सभासद तिथे एकत्र बसून खायचे. बाहेर कळलं तर वाळीत पडायची भीती, म्हणून गुप्त. समाजाला घाबरून चांगलं काम चोरून करावं लागतं, हा धडा भांडारकरांना सोळाव्या-सतराव्या वर्षीच मिळाला.

आता गंमत बघा. पुढे ज्या संस्कृतच्या जोरावर त्यांनी नाव कमावलं, ती भाषा ते कॉलेजात फारशी शिकलेच नव्हते. त्यांचा ओढा गणिताकडे होता. शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांनी त्यांना संस्कृतकडे वळायला सांगितलं आणि मग त्यांनी पुण्यातल्या शास्त्र्यांकडे बसून व्याकरण, न्याय, वेदान्त असं सगळं पारंपरिक पद्धतीने गिरवलं. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.ए. झालेली पहिली तुकडी बाहेर पडली. त्यात महादेव गोविंद रानडे होते, वामन आबाजी मोडक होते, बाळ मंगेश वागळे होते आणि भांडारकर होते.

हैदराबाद-सिंध, मग रत्नागिरी अशी हेडमास्तरकी झाली. याच काळात त्यांनी शाळेच्या पोरांसाठी संस्कृतची दोन पुस्तकं लिहिली. ती इतकी चालली, की पुढच्या काही पिढ्या भांडारकरांचं पहिलं पुस्तक आणि दुसरं पुस्तक करतच संस्कृत शिकल्या. मग एल्फिन्स्टन कॉलेज, १८८२ पासून डेक्कन कॉलेज. १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला. १८८५ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठाने डॉक्टरेट दिली. १८८६ मध्ये व्हिएन्नाला प्राच्यविद्येच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला गेले. समुद्र ओलांडणं तेव्हा पाप समजलं जायचं, तरी गेले.

या सगळ्यात त्यांची एक पद्धत पक्की झाली. इतिहास लिहिणाऱ्याने न्यायाधीशासारखं बसावं. आपल्याला आवडतो म्हणून पुरावा मोठा करू नये, नावडता म्हणून झाकू नये. कुठला ग्रंथ आधीचा, कुठला नंतरचा, कुठला श्लोक मागाहून घुसडलेला, हे आधी ठरवावं आणि मगच बोलावं. १८८८ मध्ये त्यांनी याच पद्धतीवर एक व्याख्यानही दिलं. दोन-तीन वर्षांत ही पद्धत एका वेगळ्याच कामाला येणार होती.

बालविवाहावरचा वाद खरं तर फुलमणीच्या आधीच पेटला होता. १८८४ मध्ये मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर दोन टिपणं लिहून ती देशभरातल्या हजारो लोकांना पाठवली. त्याच सुमाराला मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीने मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या. शेवटी १८८८ मध्ये नवऱ्याला पैसे देऊन प्रकरण मिटलं आणि त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.

मुलांवरच्या अत्याचाराकडे तेव्हा जगातच कुणी नीट बघत नव्हतं, हेही लक्षात घ्यायला हवं. पॅरिसमधले डॉक्टर आंब्रुआझ तार्द्यू यांनी घरातल्याच माणसांनी छळलेल्या मुलांच्या ३२ केसेस गोळा करून १८६० मध्ये छापल्या. वैद्यकाने त्याकडे जवळपास पाठ फिरवली. मारहाण झालेल्या मुलांचं निदान कसं करायचं, यावर डॉक्टर मंडळी गंभीरपणे बोलू लागली ती अमेरिकेतल्या हेन्री केम्प यांच्या १९६२ च्या लेखानंतर. म्हणजे तब्बल शंभर वर्षं मध्ये गेली. खुद्द इंग्लंडमध्ये संमतिवय १८८५ पर्यंत तेराच होतं, त्या वर्षी ते सोळा झालं.

आपल्याकडे फुलमणी गेल्यावर सुमारे पन्नास महिला डॉक्टरांनी व्हाइसरॉयला अर्ज केला. पुढाकार मोनेल मॅन्सेल या डॉक्टरबाईंचा. त्यांनी आपल्या दवाखान्यांत आलेल्या लहान विवाहित मुलींच्या डझनभर केसेस लिहून दिल्या. कुणी कायमची अपंग झालेली, कुणी मेलेली. घराच्या चार भिंतींत काय होतं त्याचा हा वैद्यकीय पुरावा होता. परिणाम काय होतात ते डॉक्टरांनी सांगितलं. प्रश्न उरला कारणाचा. आईबाप आपल्या पोटच्या पोरीला या वयात का ढकलतात?

उत्तर मिळायचं ते धर्माचं. न्हाण येण्याआधी मुलीचं लग्न झालं नाही तर बाप नरकात जातो. आणि न्हाण आलं की पहिल्या सोळा दिवसांत गर्भाधानाचा संस्कार झालाच पाहिजे, नाहीतर पाप लागतं. महाराष्ट्रात तर याचा सोहळा व्हायचा. पोरीला मखरात बसवायचं, बायका जमायच्या, वाजतगाजत सगळ्या गल्लीला कळायचं. त्या मखरातल्या पोरीला पुढे काय वाढून ठेवलंय ते बऱ्याचदा ठाऊकही नसायचं. आता मुलीला बाराच्या आत न्हाण आलं आणि सरकारने बाराच्या आत संबंधाला गुन्हा ठरवलं, तर संस्कार करायचा कसा? विरोधकांचा सगळा डोलारा या एका मुद्द्यावर उभा होता.

९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवयाचं विधेयक मांडलं. दहाची मर्यादा बारा करायची, एवढंच. फक्त दोन वर्षं! त्यावरून पुणं पेटलं. केसरीतून टिळक विरोधात, सुधारकातून आगरकर बाजूने. सभा, प्रतिसभा, अर्ज, फिर्यादी. फेब्रुवारीत क्रीडाभुवनात भरलेली सुधारकांची सभा तर दंगा करून उधळली गेली.

टिळकांना बालविवाह प्रिय होता असं मात्र नाही. मुलींची लग्नं सोळाच्या आणि मुलांची विसाच्या आत करायची नाहीत, अशी शपथ सुधारकांनीच आधी घ्यावी, असं त्यांनी सुचवलं होतं. त्यांचा आक्षेप परक्या सरकारने धर्मात हात घालण्याला होता. हा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. पण या मोठ्या माणसांच्या भांडणात दहा-अकरा वर्षांच्या पोरीच्या बाजूने विचार कोण करतंय, हा प्रश्न मागेच पडत होता.

इथे भांडारकरांनी आपलं टिपण छापलं. विषय, हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे लग्नाचं आणि पतिपत्नीच्या संबंधाचं वय. त्यात आवेश नाही, शिव्या नाहीत, रडारड तर अजिबात नाही. वकील जसा एकामागून एक कागद टेबलावर ठेवतो तसे त्यांनी ग्रंथ ठेवले.

पहिला कागद गृह्यसूत्रांचा. लग्न कसं लावायचं याचे हे जुने नियम. त्यात सांगितलंय, की लग्नानंतर तीन रात्री दोघांनी ब्रह्मचर्य पाळायचं आणि चौथ्या रात्री एकत्र यायचं. भांडारकरांनी एवढंच विचारलं, की नवरी आठ वर्षांची असेल तर या नियमाला अर्थ काय? म्हणजे हे नियम झाले तेव्हा नवरी वयात आलेलीच असणार. दुसरा कागद मनुस्मृतीचा, जी विरोधकांना सर्वांत प्रिय. तिच्यात वयात आल्यावर मुलीने तीन वर्षं वाट बघावी असं सांगितलंय, आणि नालायक माणसाला देण्यापेक्षा तिला मरेपर्यंत घरी ठेवलेलं बरं, हेही सांगितलंय. मग आठ वर्षांची ती गौरी, नऊची ती रोहिणी, असले हिशोब आले कुठून? नंतरच्या स्मृतींतून. म्हणजे लग्नाचं वय पहिल्यापासून खाली नव्हतं, ते शतकानुशतकं उतरत गेलं.

राहिला गर्भाधानाचा मुद्दा. तो संस्कार पहिल्याच ऋतूत केला पाहिजे, नाहीतर धर्म बुडाला, असं जुन्या आधारांवरून सिद्ध होत नाही, हे त्यांनी टीकाकारांची मतं एकमेकांसमोर ठेवून दाखवलं. पुढच्या ऋतूत केला तरी चालतो. व्यवहारातही लोक तो लांबवत होतेच. नवरा परगावी शिकायला आहे, मुहूर्त नाही, पत्रिकेत काही आडवं आलंय, अशी शंभर कारणं. त्यासाठी कुणाला वाळीत टाकल्याचं ऐकिवात नव्हतं. मुहूर्तासाठी थांबता येतं, पण पोरीच्या जिवासाठी थांबता येत नाही, असा हा सगळा मामला होता.

सुधारकांच्या बाजूने आणखी एक जुना साक्षीदार होता, सुश्रुत. सोळा वर्षांच्या आतल्या मुलीला गर्भ राहिला तर तो पोटातच मरतो, जन्मला तर फार जगत नाही, जगला तर दुबळा राहतो, असं सुश्रुतसंहितेत स्पष्ट सांगितलंय. आजचे डॉक्टर अडलेलं बाळंतपण, रक्तक्षय, कमी वजनाची बाळं असे शब्द वापरतात. निरीक्षण फार वेगळं नाही.

टिळकांनीही शास्त्रार्थाला शास्त्रार्थाने उत्तर दिलं. दोघांचे लेख वर्तमानपत्रांत गाजले. एक मालवणचा, एक रत्नागिरीचा, दोघेही संस्कृतात मुरलेले. वाद पंडितांचा होता, म्हणून तो वाचण्यासारखाही होता. पण भांडारकरांच्या टिपणाने एक गोष्ट झाली. शास्त्र सांगतं म्हणून, असं म्हणून विषय बंद करायची सोय राहिली नाही. कुठलं शास्त्र, कधीचं, कुणाच्या टीकेप्रमाणे, हे सांगावं लागू लागलं.

१९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला. दहाचे बारा झाले.

भांडारकर मात्र विधेयकापुरते पंडित नव्हते. त्याच वर्षी त्यांच्या घरात एक गोष्ट घडली, ती टिपणापेक्षा अवघड होती. त्यांची मुलगी विधवा झाली होती. बालविवाहाची दुसरी बाजू हीच होती. पोर लहान, नवरा मोठा किंवा आजारी, आणि मग उरलेलं आयुष्य अंधाऱ्या खोलीत. १८९१ मध्ये भांडारकरांनी या मुलीचा पुनर्विवाह लावून दिला. विधवाविवाहाला परवानगी देणारा कायदा १८५६ पासून होता, पण कायदा असणं वेगळं आणि स्वतःच्या दारात मांडव घालणं वेगळं. जातवाल्यांनी, सनातन्यांनी टीकेची झोड उठवली. त्यांचे मित्र रानडे यांच्याशी तुलना होणं अटळ आहे. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पण १८७३ मध्ये पहिली बायको वारल्यावर वडिलांच्या दबावापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ती मुलगी म्हणजे पुढच्या रमाबाई रानडे. रानडे लहान माणूस नव्हते. पण वेळ आली तेव्हा वाकले. भांडारकर वाकले नाहीत.

मुलींचं लग्न लांबवायचा सगळ्यात साधा उपाय म्हणजे मुलगी शाळेत असणं. तेही काम त्यांनी केलं. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेत मुलींचं हायस्कूल निघालं, त्याच्या स्थापनेत रानडे, मोडक यांच्याबरोबर भांडारकर होते. तेव्हाही आरडाओरडा झाला होता.

१८९३ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या एका नामांकित संशोधनपत्रिकेत भारतातल्या बालविवाहाच्या इतिहासावर लेख लिहिला. युलियस योली या जर्मन पंडिताला त्यांचे निष्कर्ष पटले नव्हते, त्याला हे उत्तर होतं. म्हणजे पुण्यातला वाद थंडावला तरी हा माणूस पुरावे गोळा करतच होता. त्याच वर्षी ते डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेस भरली, तेव्हा सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप द्यायचा नाही यावरून मोठं रणकंदन झालं आणि परिषद वेगळ्या जागी घ्यावी लागली. त्या परिषदेच्या अध्यक्षपदी भांडारकर होते.

पुढचं आयुष्य मानमरातबाचं. प्रार्थना समाजात उपासना चालवायची, तुकारामाच्या अभंगांवर प्रवचनं द्यायची, आणि बाकी वेळ ग्रंथ. १९११ मध्ये सर झाले. १९१३ मध्ये वैष्णव आणि शैव पंथांवरचा त्यांचा ग्रंथ आला. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, चाहत्यांनी पुण्यात त्यांच्या नावाने संस्था काढली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिला देऊन टाकला.

आणि त्या १८९१ च्या कायद्याचं काय झालं? फारसं काही नाही. विरोध बघून सरकारच दचकलं आणि कायदा जपून वापरा अशा सूचना गेल्या. खटले अगदी थोडे झाले. तक्रार करणार कोण? दहा वर्षांची पोर नवऱ्याविरुद्ध चौकीत जाणार, की तिचे आईबाप जावयाविरुद्ध जाणार? जन्माची नोंद नाही, मग वय सिद्ध कसं करायचं? कायद्याची ही पोकळी पुढे सरकारी चौकशीतही दिसली. १९२८ मध्ये सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली संमतिवय समिती नेमली गेली. जोशी विदर्भातले वकील. समितीने देशभर प्रश्नावल्या पाठवल्या, डॉक्टर, वकील, शास्त्री, मौलवी, बायका अशा शेकडो साक्षी घेतल्या. लहान वयातली बाळंतपणं आणि त्यातली मरणं यांचा एवढा मोठा कागदोपत्री हिशोब तोवर इथे झाला नव्हता. कायदा आहे हेच बहुसंख्य लोकांना माहीत नाही, हे त्यातून बाहेर आलं. याच घडामोडींत १९२९ चा शारदा कायदा झाला आणि लग्नासाठीच मुलीचं वय किमान चौदा ठरलं.

ते बघायला भांडारकर नव्हते. २४ ऑगस्ट १९२५ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते गेले. त्या दिवशी ऋषिपंचमी होती.

त्याच १९२५ मध्ये विवाहातलं संमतिवय बाराचं तेरा झालं होतं. १९४९ मध्ये ते पंधरा झालं आणि तिथेच अडकलं. मुलीच्या लग्नाचं किमान वय १९७८ मध्ये अठरा झालं, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ मध्ये आला, तरी पंधरा ते अठरा वयाच्या बायकोला दंडविधानातलं संरक्षण नव्हतं. ती सवलत सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकली ११ ऑक्टोबर २०१७ रोजी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं, तेव्हा त्यातल्या २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं.